'चेक' हा 'चौक' नव्हे, 'शह'

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चौकड्यांच्या कापडाला आपण 'चेक्स' म्हणतो, त्यामुळे 'चेक' हा इंग्रजी शब्द आपल्या 'चौक'वरूनच गेला असावा असे कोणालाही सहज वाटेल. तसे ते नाही. इंग्रजीत हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो सुमारे 1300 साली, आणि तोही कापडावर नव्हे तर बुद्धिबळाच्या पटावर. 'चेक' म्हणजे राजाला दिलेला शह. चौकड्यांचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

मूळ शब्द फारसी 'शाह', म्हणजे राजा. समोरच्याचा राजा माऱ्यात आला की खेळाडू 'शाह!' असे बजावत असे. अरबांमार्फत खेळ युरोपात पोचला, तेव्हा या शब्दाचे लॅटिनमध्ये 'स्कॅकस' आणि जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेक' झाले. इंग्रजीने आरंभीचा 'एस' गाळला आणि 'चेक' उरला. मूळ 'चौक' धरले तर हा फ्रेंच 'एस' आला कुठून, याचा खुलासा होत नाही. व्युत्पत्ती बहुधा अशाच एखाद्या जास्तीच्या अक्षरावर अडते. खुद्द 'चेस' हे त्याच फ्रेंच शब्दाचे अनेकवचन, म्हणजे खेळाचे नावच 'पुष्कळ शाह'!

मराठीने हाच शब्द फारसीतून 'शह' म्हणून उचलला. तेव्हा 'चेकमेट' आणि 'शह-मात' ही एकाच जोडशब्दाची दोन रूपे. त्याचा अर्थ 'राजा मेला' असा सांगतात, कारण अरबीत 'माता' म्हणजे मेला. पण फारसी 'मात' म्हणजे हतबल, आणि खेळाचा नियमही याच अर्थाच्या बाजूने आहे : बुद्धिबळात राजा मारला जात नाही, कोंडला जातो.

पुढचे अर्थ एकातून एक निघाले. राजाला शह बसला की बाकीचे बेत बाजूला ठेवावे लागतात. त्यावरून अडवणे, मग लगाम घालणे, आणि 17व्या शतकात ताडून पाहणे. आपल्या 'चेकनाक्या'त अडवणे आणि तपासणे दोन्ही एकदम चालते, हा योगायोग मजेचा.

पैशाचा संबंध मात्र दोन वाटांनी आला. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एस्चेकिए' म्हणत. मध्ययुगीन इंग्लंडच्या खजिन्यात हिशेबासाठी सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद मेज असे आणि त्यावर रेघा आखलेले काळे कापड. पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार अशी घरे आखून त्यांत सोंगट्या मांडत. पेनीच्या घरात 12 सोंगट्या झाल्या की त्या उचलून शिलिंगच्या घरात एक ठेवायची. 20 शिलिंगांचा पौंड. रोमन आकड्यांत बेरीज करण्यापेक्षा हे कितीतरी सोपे. 12व्या शतकातला खजिनदार रिचर्ड फिट्झनील लिहितो की पटावर जशी राजांची लढाई, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ (परगण्यातला राजाचा महसूल गोळा करणारा अधिकारी) यांची. त्या मेजावरून खात्याचे नाव पडले 'एक्सचेकर'. त्यातला 'एक्स' हे लेखनिकांचे पांडित्य. फ्रेंच 'एस' त्यांना लॅटिन 'एक्स' वाटला.

दुसरी वाट पडताळणीची. 18व्या शतकाच्या आरंभी 'चेक' म्हणजे मागे राहणारी स्थळप्रत, जिच्याशी ताडून बनावट कागद पकडता येई. तिथून नाव बँकेवरच्या धनादेशाला मिळाले. ब्रिटिश स्पेलिंगमधले 'क्यू-यू-ई' हे 'एक्सचेकर'च्या प्रभावाने आले. अमेरिकेने साधे 'सी-के' ठेवले.

उच्चारसाम्य किती फसवते पाहा. 'शहाणा' या शब्दात 'शह' दिसतो, पण तो 'सज्ञान'वरून आलेला, त्याचा राजाशी संबंध नाही. उलट 'शहर' हा खरा नातलग. इराणमधल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात प्राचीन इराणी सम्राट दारियस स्वतःला 'क्षायथिय' (राजा) म्हणवतो. 'शाह' त्याचेच झिजलेले रूप. त्याच धातूपासूनच्या 'क्षथ्र' (राज्य) या प्राचीन इराणी शब्दाचे फारसीत 'शहर' झाले, आणि संस्कृतातला त्याचा जुळा भाऊ म्हणजे 'क्षत्र'. म्हणजे 'चेक'चे संस्कृताशी नाते आहेच. पण ते चुलत घराण्याचे, 'क्षत्रिया'च्या अंगाने, चौकाच्या नव्हे.

मराठी कोशांत 'चेक'पुढे नुसते 'इंग्रजी' असे लिहून भागवण्याऐवजी 'शह पाहा' एवढा निर्देश जोडावा, आणि धनादेश, तपासणी व चौकडा हे तिन्ही अर्थ एकाच नोंदीखाली द्यावेत, ही कोशकारांना विनंती.

आपला,
एक भाषाभ्यासक वाचक