तीन गळ्यांचा गांधार

अ‍ॅबरिस्टविथ, वेल्स
२६ जानेवारी

तीर्थरूप बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडची माणसे एकाच वेळी तीन निरनिराळे सूर लावतात आणि त्यालाच गाणे म्हणतात, ते कानाला सोसते तरी कसे, असे तुम्ही मागील पत्रात विचारले होते. भजनी मंडळात एखाद्याचा सूर जरा हलला तरी टाळ थांबवणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मी एकाच गायकसंचाच्या आधारे देणार आहे, कारण त्यांची गाणी ऐकता ऐकताच मला त्यातले थोडेफार कळू लागले.

संचाचे नाव प्लेथिन. मध्य वेल्समधील माँटगोमेरीशर या डोंगराळ, मेंढपाळांच्या मुलखात १९७८ साली लिंडा आणि रॉय ही बहीणभावंडे आणि त्यांचा मित्र जॉन गिटिन्स यांनी तो उभा केला, आणि पुढच्याच वर्षी साईन या वेल्श ध्वनिमुद्रण संस्थेने त्यांची पहिली तबकडी काढली. गाणी सगळी वेल्श भाषेत. गिटारसारखी वाद्ये साथीला असतात, पण ती काढून घेतली तरी गाण्याचे फारसे बिघडणार नाही, कारण त्याचा सारा भार तीन गळ्यांवर आहे. एक गळा मूळ चाल धरतो, दुसरा साधारणपणे तिच्या वर गांधाराच्या, म्हणजे सा ते ग इतक्या, अंतराने चालतो आणि तिसरा खालून आधार देतो. शब्द तिघांचे तेच, श्वासही एकाच ठिकाणी.

ही रीत त्यांनी कोणत्या संगीत विद्यालयातून आणलेली नाही. त्या मुलखात ‘प्लिगाईन’ नावाची नाताळगीतांची प्रथा आहे. पूर्वी नाताळच्या पहाटे, कोंबडा आरवण्याच्या सुमारास, मेणबत्त्यांच्या उजेडात ती होत असे. आता ती बहुधा संध्याकाळी होते आणि निरनिराळ्या गावांच्या चर्चमध्ये डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत चालू राहते. शेजारच्या आजींनी या महिन्यात मला अशा एका प्लिगाईनला नेले होते. छोटीशी प्रार्थना झाली, आणि त्यानंतर सूत्रसंचालन नाही, नावे पुकारणे नाही, टाळ्याही नाहीत. एका बाकावरून तीन-चार माणसे उठतात, पुढे जाऊन एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहतात, एकजण स्वरकाटा कानाशी धरून सूर देतो आणि वाद्यावाचून गाणे सुरू होते. ते संपले की ती निमूटपणे जागेवर येतात आणि दुसरे कुटुंब उठते. होय, कुटुंबच. बाप आणि दोन मुलगे, बहिणी-बहिणी, चुलते-पुतणे असेच संच बहुतेक दिसतात. सगळ्यांची एक फेरी झाली की त्याच क्रमाने दुसरी फेरी होते आणि त्या संध्याकाळी एकदा गायिलेले गीत पुन्हा कोणी गायचे नाही असा दंडक आहे, त्यामुळे प्रत्येक घराला गाठीशी पुष्कळ गीते ठेवावी लागतात. हस्तलिखित वह्या बापाकडून मुलाकडे येतात आणि आपले गीत दुसऱ्या संचाला सहजासहजी मिळू दिले जात नाही. घराण्याची चीज बाहेर न देणाऱ्या आपल्याकडच्या खाँसाहेबांच्या गोष्टी तुम्ही सांगत असा, त्यांची मला तेथे आठवण झाली. गीते मात्र चांगलीच लांब असतात. एदनच्या बागेपासून क्रूसापर्यंतची सारी कथा एकेका गीतात येते, आणि सातव्या-आठव्या कडव्यापाशी माझे लक्ष उडाले हे तुमच्यापासून कशाला लपवू? शेवटी सगळे पुरुष एकत्र पुढे येऊन ‘भोजनाचे गीत’ म्हणतात आणि मग शेजारच्या खोलीत खरोखरच जेवण असते.

आता तुमच्या कानाचा प्रश्न. तंबोरा उत्तम लागला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो, हे तुम्हीच मला लहानपणी दाखवले होते. पेटीचा गांधार त्याहून किंचित चढा असतो आणि म्हणून तुम्ही पेटीवर चिडता. वाद्यावाचून गाणाऱ्या या तिघांना पेटीचे बंधन नाही. षड्ज, गांधार आणि पंचम (सा, ग, प) यांची कंपने ४:५:६ या नात्यात येईपर्यंत त्यांचे गळे नकळत एकमेकांकडे सरकतात, आणि ते नाते जुळले की सुरांतली थरथर नाहीशी होते. म्हणजे तंबोऱ्यात जो गांधार स्वयंभू उमटतो, तोच येथे एका माणसाने स्वतंत्रपणे लावलेला असतो. हे तीन सूर कानाला टोचत नाहीत, याचे कारण मला तरी एवढेच दिसते.

भावंडांचे आवाज रक्ताच्या नात्यामुळे जुळतात असे येथे सर्रास म्हटले जाते. गळ्याची ठेवण सारखी असते, यात तथ्य आहेच. तरी प्लेथिनमधला तिसरा गडी भावंड नाही, आणि त्याचा आवाज उपरा वाटत नाही. मला वाटते, खरी गोष्ट स्वरवर्णांत आहे. सूर बरोबर असले, पण एकाचा ‘आ’ पसरट आणि दुसऱ्याचा गोल असला, तर मेळ फाटतो. माँटगोमेरीशरच्या बोलीत तर दीर्घ ‘आ’ आपल्या ‘अ‍ॅ’कडे झुकतो, दक्षिण वेल्सचा कसलेला गवईसुद्धा त्यांच्यात उभा राहिला तर चटकन वेगळा ओळखू येईल. एकाच खोऱ्यात वाढलेल्यांची तोंडे एकसारखी उघडतात आणि शब्द एकाच क्षणी मिटतात. तालमीने हे साधते, पण फार उशिरा.

याच भागातील अ‍ॅन ग्रिफिथ्स या शेतकरी घरातील बाईची भजने (जन्म १७७६, मृत्यू १८०५) तिच्या रूथ नावाच्या मोलकरणीने मुखोद्गत ठेवली आणि रूथच्या नवऱ्याने ती लिहून काढली, म्हणून आज ती उपलब्ध आहेत. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी उतरवून घेतल्या, ते आईला नक्की आठवेल. तिला हे वाचून दाखवा.

लिंडाबाईंच्या तीन मुलींनी पुढे सोरेला नावाचा स्वतःचा संच काढला आणि २०१६ साली त्यांचीही तबकडी निघाली. त्यांचे गाणे अधिक नितळ आहे. मला मात्र त्या मुलींच्या मामाचे आणि आईचे जुने गाणे अधिक आवडते, कारण त्यात प्रत्येक गळा वेगळा ओळखता येतो. तरीही या मुली वेल्शमध्ये गातात ही गोष्ट मी लहान मानत नाही. १९११ च्या जनगणनेत वेल्समधील सुमारे ४३ टक्के लोक ही भाषा बोलत होते, २०२१ मध्ये १७.८ टक्के, म्हणजे साधारण ५ लाख ३८ हजार. प्लेथिनच्या आरंभीच्या काळात वेल्श दूरचित्रवाहिनीसाठी ग्विनफर एव्हान्स या नेत्याने आमरण उपोषणाचा इशारा दिला, सरकार नमले आणि १९८२ साली ती वाहिनी सुरू झाली. शाळा आणि वाहिनी भाषा शिकवू शकतात. तीन बहिणींचा ‘आ’ मात्र स्वयंपाकघरातच जुळतो, आणि जेथे घरातली भाषा बदलली तेथे कुटुंबाचे संचही विरळ होत गेले असणार, असा माझा तर्क आहे.

दोन्ही संचांची ध्वनिमुद्रणे ताईच्या फोनवर पाठवत आहे. प्रथम प्लेथिन ऐका, आणि एका वेळी एकाच गळ्याच्या मागे जा. तिन्ही एकदम धरायला गेलात तर पहिल्या खेपेला काहीच हाती लागणार नाही. गांधार कसा वाटला ते मात्र पेटी न उघडता, तंबोऱ्याशी ताडून कळवा. आईस साष्टांग नमस्कार, ताईस नमस्कार आणि भाचरांना अनेक आशीर्वाद.

तुमची,
धाकटी