खांदा बसला पाहिजे

प्रिय दोस्ता,

सप्रेम जय भीम.

तुझी व्हॉइस नोट काल रात्री दोनदा ऐकली आणि मग ते कार्टचे स्क्रीनशॉट पाहिले. आता सकाळचे सहा वाजलेत आणि मी गच्चीवर बसून हे टाईप करून राहिलो, कारण फोनवर बोललो तर तू नुसतं हो हो करशील आणि रात्री ऑर्डर टाकून मोकळा होशील. थांब बे. ते पाच शर्टांचं कॉम्बो आधी कार्टमधून काढ, मग पुढचं वाच.

१ जुलैला पुण्यात जॉइनिंग आहे, हातात सहा हजार आहेत आणि चांगलं दिसायचं आहे. यात चूक काहीच नाही, उलट मला लय बरं वाटलं की तू विचारलंस. आपल्याकडे पोट्टे कपड्यांबद्दल एकमेकांना विचारतच नाहीत, लाजतात. पण पाच शर्ट एकदम घेतले की पाचही साधेच निघतात आणि त्यातला एकही मनापासून घालावासा वाटत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

तुला आठवते का, दोन वर्षांपूर्वी मी आपल्या नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातल्या एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो होतो? मे महिना, नवतपा लागलेला, पारा पंचेचाळीसच्या वर. आदल्या आठवड्यात ऑनलाइन तीन शर्ट ९९९ मध्ये घेतले होते, फोटोत एकदम भारी, लेबलवर कॉटन ब्लेंड लिहिलेलं. इंदोऱ्यावरून गाडीने तिथपर्यंत पोचेस्तोवर शर्ट पाठीला असा चिकटला की सोडवून घ्यावा लागला, आणि मग एसीत बसलो तर तोच ओला शर्ट बर्फासारखा गार. त्याचा खांदा माझ्या खांद्याच्या खाली दोन बोटं लोंबत होता, त्यामुळे बाह्या पुढे येत होत्या आणि मी दर मिनिटाला त्या मागे ओढत होतो. शर्टामुळे नोकरी गेली असं मी म्हणत नाही, तयारी पण कमी होती, पण त्या वीस मिनिटांत माझं निम्मं लक्ष बाहीकडे होतं. समोरचा माणूस काय विचारून राहिला ते मला दोनदा परत विचारावं लागलं. ते अजून मनात सलते.

घरी आलो तर आबाजी, म्हणजे माझे आजोबा, दिवाणावर बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही, नुसता शर्ट हातात घेतला, खालच्या शिवणीच्या आतल्या कापडाचा एक धागा ओढला आणि म्हणाले, "काडीपेटी आण." धागा पेटवला तर तो जळला नाही, आक्रसला आणि टोकाला काळी कडक गोळी झाली, नखाने दाबली तरी फुटेना. मग त्यांनी स्वतःच्या जुन्या सदऱ्याचा धागा काढला, तो कागदासारखा भुरकन जळला, वास पण कागदाचाच, आणि राख फुंकरीने उडून गेली. "हा कापूस," एवढंच म्हणाले. गोळी म्हणजे पॉलिस्टर. पॉलिस्टर घाम जवळजवळ शोषतच नाही, म्हणून तो आपल्याच अंगावर राहते. दुकानात कोणी धागा जाळू देणार नाही, पण कापडवाला कतरण देते, ती घरी आणून जाळून पाहायची आणि मग दुसऱ्या दिवशी घ्यायचं.

तुला माहीत आहे, आबाजी एम्प्रेस मिलमध्ये लूमवर होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल, आता गांधीसागरजवळ तिच्या जागेवर मॉल उभा आहे. ते कापड डोळ्यांनी कमी आणि अंगठा-तर्जनीने जास्त पाहायचे. कापड उजेडात धरायचे, सूत कुठे जाड कुठे बारीक झालं का ते बघायचे, मग मुठीत घट्ट आवळून दहापर्यंत मोजायचे आणि सोडायचे. कापडाला किती चुण्या पडल्या आणि त्या किती वेळ राहिल्या यावरून ते सांगायचे की हे घालून दिवस काढता येईल की दुपारपर्यंतच लोळागोळा होईल. कॉटन अजिबात चुरगळत नसेल तर त्यात काहीतरी मिसळलेलं आहे किंवा वरून फिनिश मारलं आहे, एवढं धरून चाल. मी आता गांधीबागेच्या कापड बाजारात गेलो की दुकानदारासमोर हेच करतो आणि तो मग आपणहून खालच्या कप्प्यातला तागा काढते.

आता मुख्य गोष्ट. कापडाच्याही आधी खांदा. शर्टाची खांद्यावरची शिवण बरोबर तुझ्या खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला पाहिजे, अर्धा इंच इकडे तिकडे चालते पण त्यापुढे नाही. कंबर ढिली असली तर टेलर दोन्ही बाजूंनी दाबून देते, लांबी जास्त असली तर कापते, बाही आखूड करता येते, पण तयार शर्टाचा खांदा दुरुस्त करायला गेलं की बाही उसवा, कॉलर हलवा, पूर्ण शर्टच उघडावा लागते, त्यात जेवढे पैसे जातात त्यात नवीन होईल. म्हणून रेडिमेड घेत असशील तर आधी खांदा पाहायचा, बाकी सगळं नंतर. पँटचं उलटं आहे, तिथे कंबर बसली पाहिजे आणि आत शिवणीत जास्तीचं कापड सोडलेलं असलं पाहिजे. पुण्यात मेसचं खाऊन तू जाड होशील किंवा वाळशील, दोन्हीला ते मार्जिन कामी येईल.

तू उंच आहेस आणि खांद्यात बारीक, तुला रेडिमेडमध्ये एम घेतला तर बाही आखूड आणि एल घेतला तर खांदा लोंबते, हे तू कॉलेजपासून सांगून राहिला ना? मग तुझ्यासारख्याने शिवूनच घ्यायला पाहिजे. लोकांना वाटते शिवणं महाग पडते. आपण हिशोब करू. गांधीबागेत बऱ्यापैकी सुती पॉपलिन मला मागच्या महिन्यात २२० रुपये मीटर भेटलं. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, अठ्ठावन्न इंच असला तर फुल बाहीच्या शर्टाला १.६० मीटर पुरते, म्हणजे ३५२ रुपये. आमच्या गल्लीतले टेलरकाका शिलाईचे ४०० घेतात. झाला ७५२ चा शर्ट, तुझ्या मापाचा. असे तीन घे: एक पांढरा, एक फिका आकाशी, एक बारीक रेघांचा. २२५६ झाले. पँट दोन, एक गडद निळी आणि एक राखाडी, कापड ३५० रुपये मीटरवालं १.२० मीटर आणि शिलाई ५०० धरली तर एक पँट ९२०, दोन्ही १८४०. आतापर्यंत ४०९६. बूट बाराशेच्या आत, साधे ब्राऊन, खाली शिवलेले असतील तर उत्तम, आणि त्याच रंगाचा पट्टा साडेतीनशेचा. ५६४६ झाले, वर साडेतीनशे उरतात, ते जुन्या कपड्यांच्या दुरुस्तीला ठेव. या तीन शर्ट आणि दोन पँटींच्या सहा जोड्या होतात, आठवड्याचे पाच दिवस निघतात आणि कोणताही शर्ट कोणत्याही पँटवर जाते. म्हणूनच रंग असे सांगितले, ते मरून आणि मेहंदी रंगाचे शर्ट तुझ्या कार्टमध्ये होते ते दिसायला छान आहेत पण एकाच पँटवर जातात.

पँटला पूर्ण सुती घेऊ नको. पुण्यात तू पोचशील तेव्हा पाऊस सुरू झालेला असेल, जाड सुती पँट रूमवर दोन दोन दिवस वाळणार नाही आणि कुबट वास मारेल. पँटला टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि कापूस मिसळलेलं कापड, चालते, क्रीज टिकते आणि लवकर वाळते. शर्ट मात्र सुतीच, त्यात तडजोड नको. आणि कापड शिवायला देण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळव. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. न भिजवता शिवलं तर पंधरा दिवसांत बाही मनगटाच्या वर चढेल, मग टेलरला बोल लावून काही उपयोग नाही.

टेलरकाकांकडे मी तुला स्वतः घेऊन जातो. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक पायाची मशीन, एक ट्यूबलाइट आणि भिंतीवर लटकलेले कागदी फर्मे. माप घेताना ते फीत गळ्यात टाकून आधी दोन मिनिटं नुसते उभे राहतात आणि तुला चालायला सांगतात, मग म्हणतात, "तुमचा उजवा खांदा खाली आहे भाऊ, बॅग त्याच खांद्यावर घेता ना?" माझंही तसंच निघालं. मग ते उजव्या खांद्याला पाव इंच कमी कापतात आणि शर्ट असा बसते की आरशासमोर माणूस आपोआप ताठ उभा राहते. हे कोणत्या साइजच्या चार्टमध्ये येणार? त्यांना अठरा-वीस दिवस दे, घाई करू नको, आणि एकदा ट्रायलला जा, शेवटची बटणं आणि काज त्याआधी करू देऊ नको.

त्यांच्याकडूनच मी अजून एक गोष्ट शिकलो, कॉलर पलटवणं. शर्टाची कॉलर सगळ्यात आधी घासून फाटते, बाकी शर्ट ठणठणीत असते. काका ब्लेडने कॉलर पट्टीवरून अलगद उसवतात, उलटी करतात, फाटकी बाजू खाली आणि कोरी बाजू वर, परत त्याच भोकांच्या ओळीत शिवून टाकतात. पन्नास-साठ रुपयांत शर्ट आणखी दोन वर्षं चालते. आजकालचे टेलर हे करत नाहीत, नवीन पोरांना तर येतही नाही.

आबाजींचा पांढरा शर्ट मी असाच करून घेतला. मागच्या वर्षी ते गेले, तुला माहीतच आहे. पेटीत त्यांचे चार सदरे आणि एक शर्ट होता, सगळे घडी करून, नीळ दिलेले. ते नेहमी एकच गोष्ट सांगायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, ते वीस वर्षांचे होते, सगळ्यांना पांढरे कपडे घालून या असा निरोप होता, आणि त्यांच्याकडे सदरा एकच, तोही मळका. त्यांच्या आईने तो रात्री चुलीची राख आणि सोडा लावून धुतला, नीळ दिली, सकाळपर्यंत पूर्ण वाळला नाही तर तसाच ओलसर अंगात घालून ते मैदानावर गेले. चहूकडे पांढरंच पांढरं, लाखो माणसं, आणि आबाजी म्हणायचे, "त्या दिवशी मले पहिल्यांदा वाटलं का आपले कपडे कोणी पाहून राह्यलं तर पाहू दे." हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल, पण त्यांचा शर्ट कॉलर पलटवून, बाजूंनी दाबून मागच्या दसऱ्याला पहिल्यांदा अंगात घातला आणि दीक्षाभूमीवर गेलो तेव्हा ते मला नीट समजलं. आणि आपण दोघं चिचोलीला शांतिवनात, बाबासाहेबांच्या वस्तूंच्या संग्रहालयात, गेलो होतो ते आठव, बाबासाहेबांचा कोट काचेमागे पाहताना तू किती वेळ तिथून हलला नव्हतास. कपड्यांची हौस म्हणजे उधळेपणा असं तुझा मामा म्हणते ना, ते मनावर घेऊ नको. आपल्या घरांत स्वच्छ, प्रेस केलेले, मापाचे कपडे ही हौसेच्या आधीची गोष्ट आहे.

बाकी सांभाळायचं कसं ते पटकन सांगतो. शर्ट नेहमी उलटे करून वाळव, आपल्या नागपूरच्या उन्हात तर दोन महिन्यांत आकाशीचा पांढरा होते, पुण्यातही तेच. कॉलर आणि बाहीच्या काठाला मशीनमध्ये टाकण्याआधी साबणाची वडी ओली करून घास, घामाचा पिवळा डाग एकदा बसला की निघत नाही. गरम पाणी नको. प्रेस शर्ट किंचित ओला असताना कर, आधी कॉलर, मग बाह्या, शेवटी पाठ. बूट एक दिवस घातला की एक दिवस आराम, आत वर्तमानपत्राचा बोळा. स्वेटर आत्ता घेऊच नको, हिवाळ्यात इकडे आलास की तिबेटी लोकांच्या बाजारातून घेऊ, तिथे लोकर हातात घेऊन पाहता येते.

आता एक गोष्ट, जी मी व्हॉइस नोटमध्ये बोलू शकलो नसतो. काकांचे, म्हणजे तुझ्या बाबांचे, शर्ट तुझ्या आईने त्या हिरव्या लोखंडी पेटीत ठेवलेत, मला माहीत आहे, मागच्या पोळ्याला मी आलो होतो तेव्हा काकूंनी डांबरगोळ्या बदलताना दाखवले होते. त्यात तो फिक्या आकाशी रंगाचा आहे, पूर्ण सुती, जाड सुताचा, ते शाळेत जाताना घालायचे तो. काका खांद्यात तुझ्याएवढेच होते. मी त्या दिवशी नुसता हात लावून पाहिला, कापडाला काहीच झालेलं नाही, कॉलर तेवढी घासली आहे. आधी काकूंना विचार, त्या नाही म्हणाल्या तर विषय तिथेच सोड आणि मीही परत काढणार नाही. पण हो म्हणाल्या तर तो घेऊन ये, आकाशी नवीन शिवायचा वाचेल, त्या पैशांत पावसासाठी चांगली सँडल होईल.

शनिवारी सकाळी दहाला ये, रविवारी गांधीबाग बंद असते. आधी तर्री पोहे खाऊ, मग कापड, आणि दुपारच्या आत टेलरकाकांकडे फक्त माप द्यायला, कापड भिजवून वाळवलं की मग देऊ. येताना तो सगळ्यात चांगला बसणारा जुना शर्ट अंगात घालून ये, टेलरकाकांना मापासाठी लागते. आणि काकूंना जय भीम सांग.

तुझाच,
गल्लीतला दोस्त