चि. मनूस, शुक्रवारच्या सॅम्पलिंगआधी

राहुरी

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शुक्रवारपासून अठ्ठेचाळीस तास, दर चार तासांनी सॅम्पलिंग आहे असं काल फोनवर म्हणालीस. रात्रीच्या फेऱ्यांना तू एकटीच असशील, हेही बोलता बोलता सांगून गेलीस. बाबा शेजारीच बसले होते आणि मार्चपासून त्यांच्या झोपेचं कसं आहे ते तुला माहीत आहे, म्हणून मी गप्प राहिले. पण आधी तू विचारलंस त्याचं उत्तर.

उबेने रोपं किती लांबतात हे बघायला तू एक चेंबर २२ अंशांवर नि दुसरं २८ वर लावलंस, पण २२ अंशांच्या चेंबरमधली रोपंही लांबुळकी निघाली म्हणून तू बियाण्यावर संशय घेते आहेस. माझा संशय उजेडावर आहे. लाल उजेडात फायटोक्रोम-बी हे उजेड ओळखणारं प्रथिन कामाला लागतं आणि रोप लांबवणाऱ्या पीआयएफ-४ या प्रथिनाला दाबून ठेवतं, म्हणून हायपोकॉटिल, म्हणजे रोपाचा बीदलांखालचा देठ, आखूड राहतं. उजेड कमी पडला की कामातलं फायटोक्रोम घटतं. ऊब वाढली की ते आपोआप निष्क्रिय रूपात परततं, आणि रात्री तर हे जास्तच जाणवतं. दोन्ही वाटांनी रोप लांबतंच. २०१६ साली केंब्रिजच्या आणि अर्जेंटिनाच्या गटांनी ‘सायन्स’च्या एकाच अंकात हे दाखवलं, तेव्हा तू मला फोन करून अर्धा तास समजावलं होतंस. मग दोन चेंबरमधला उजेड जुळत नसेल, तर लांबी उबेमुळे वाढली की अंधारामुळे हे कसं ठरवणार?

चेंबरच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नकोस. उजेड मोजणारा क्वांटम सेन्सर रोपांच्या प्लेटच्या उंचीवर धर, वर प्लेटचं झाकण ठेव, आणि फळीच्या चारही कोपऱ्यांत नि मध्यभागी मोज. मध्ये उजेड १०० मायक्रोमोल असला तरी कोपऱ्यात बराच कमी भरतो. हा सेन्सर ४०० ते ७०० नॅनोमीटरच मोजतो, ७३० चा फार-रेड, म्हणजे लालच्या पलीकडचा उजेड, त्याला दिसतच नाही. एका चेंबरमध्ये जुन्या ट्यूब आणि दुसऱ्यात एलईडी असतील, तर उजेडातला प्रत्येक रंग वेगळा मोजणारा स्पेक्ट्रोमीटर कुणाकडून तरी मागून आण. तापमानासाठी थर्मोकपलच्या तारेचं टोक रोपांखालच्या अगारच्या जेलीतच रोव, कारण दिव्याखालची बंद प्लेट भोवतालच्या हवेपेक्षा गरम असते. आणि पुढच्या खेपेला २२ चं चेंबर २८ वर नि २८ चं २२ वर लाव. तरी निकाल तोच आला तर तो उबेचा.

कुंडीतल्या रोपांचंही बघ. दोन्हीकडे ७० टक्के आर्द्रता ठेवलीस तर २२ अंशांना हवेची ओढ, म्हणजे पानांतलं पाणी ओढून घेण्याची ताकद, सुमारे ०.८ किलोपास्कल असते, २८ ला १.१ च्या वर जाते. रोपं उबेइतकीच कोरड्या हवेलाही उत्तर देतात. २८ ला साधारण ७९ टक्के ठेवलीस तर दोन्हीकडे ओढ सारखी राहील.

आता नमुने गोठवायचा द्रव नायट्रोजन. एक लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि खोलीतला ऑक्सिजन फार खाली गेला तर गुदमरल्यासारखंही वाटत नाही, माणूस सरळ कोसळतो. त्या बारक्या खोलीत तू ड्युअर, म्हणजे द्रव नायट्रोजनचं भांडं, घेऊन जाणार आणि बाहेर कुणीच नाही, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. दार उघडं ठेव, ऑक्सिजन अलार्म चालू आहे ना ते आधी बघ. ड्युअरबरोबर लिफ्टमध्ये शिरू नकोस. तो एकटा वर पाठव आणि तू जिन्याने जा. हातमोजे सैल हवेत, झटकले की निघाले पाहिजेत. पँट बुटांवरून सोड, आत खोचू नकोस. नमुन्याच्या नळीत द्रव अडकला आणि झाकण घट्ट असलं की बाहेर काढल्यावर ती फुटते, म्हणून झाकणाला सुईने भोक पाड आणि चेहऱ्यावर शील्ड असू दे.

पुन्हा वर्गात उभी राहून बोलल्यासारखं झालं. रागावू नकोस.

निफाडला मामाच्या मळ्यात त्या थंडीत कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आले होते, आठवतंय? तू चौथीत असशील. एकाच वाफ्यात, एकाच थंडीत, ह्याला डेंगळा आला नि त्याला का नाही, असं विचारून तू मामाला भंडावून सोडलंस. मग पट्टी घेऊन प्रत्येक रोपाच्या मानेची जाडी मोजत बसलीस. जाड मानेच्या रोपांनाच थंडी लागली होती, कोवळी सुटली होती. ती वही मी अजून जपून ठेवली आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते म्हणून आजी चिडते.

रात्रीच्या फेऱ्या टाळता येतील. गाइडकडे पंधरा दिवसांसाठी आणखी दोन चेंबर माग. दोन्ही तापमानांना एकेक चेंबर असं लाव की दिवे सकाळी ८ ला लागतील, आणि एकेक असं की रात्री ८ ला लागतील. बी पेरल्यापासून रोपं त्याच वेळापत्रकात वाढव. मग त्यांची रात्र तुझ्या दिवसात येते आणि सगळं सॅम्पलिंग सकाळी ८ ते रात्री ८ मध्ये उरकतं. अंधारातल्या रोपांना मंद हिरवा दिवा, तोही काही सेकंदच, कारण हिरवाही फायटोक्रोमला थोडा कळतो. चेंबर वाढल्याने नवा फरक शिरेल हे खरं, पण दुसऱ्या खेपेला अदलाबदल करायचीच आहे.

चेंबर मिळाले नाहीत तर शुक्रवार पुढे ढकल. आठवडाभराने प्रबंध मागे पडत नाही. तेही जमणार नसेल, तर त्या दोन रात्री बाहेरच्या खोलीत कोण बसणार आहे त्याचं नाव नि फोन नंबर मला कळव. तिकडे आता साडेचारलाच अंधार पडतो ना?

तुझी,
आई

ता. क. फायटोक्रोम-बी बिघडलेलं फायबी-९ म्युटंट वापरणार असशील तर बी कुणाकडून आलं ते विचार. त्याच्या काही जुन्या बियाण्यात दुसऱ्या एका जनुकातही बदल आहे आणि त्याचा परिणाम पानांवर दिसतो. बॅकक्रॉस केलेलं, म्हणजे मूळ वाणाशी पुन्हा संकर करून तो दुसरा बदल काढून टाकलेलं, बी मिळालं तर तेच पेर.