झाडं मोजता, तशी सालही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्ता रुंदीकरणात झाडं गेली की त्यांच्या बदल्यात किती रोपं लावली, याचे आकडे आपल्या अंकात अधूनमधून येतात. चाळीस वर्षांचं खोड आणि पिशवीतलं रोप एका हिशेबात बसवलेलं पाहिलं की जीव तुटतो.

गेल्या पावसाळ्यात महाबळेश्वरजवळ एका जुन्या जांभळाच्या सालीला भिंग लावून बसलो होतो. तळहाताएवढ्या जागेत करड्या-हिरव्या पाकळ्या, शेजारी काळ्या रेघोट्यांनी काही लिहून ठेवल्यासारखी पांढरी खपली, वर फांदीला लोंबणारी फिकट दाढी. ही सगळी शैवाकं. काळ्या मसाल्यातलं आपलं दगडफूल याच जातकुळीतलं. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार. त्याला मुळं नसतात. पाणी, क्षार सगळं पावसातून आणि हवेतून घ्यायचं, म्हणून धूरही थेट अंगात भिनतो. गंधकाच्या धुरात दाढीवाली सहसा आधी जातात, चिवट खपल्या मागे राहतात. पॅरिसमधल्या बागेतली शैवाकं पाहून वनस्पतिशास्त्रज्ञ नायलँडर यांनी १८६६ मध्येच शहराच्या हवेशी त्यांचा संबंध जोडला होता.

पण मला हवेपेक्षा रानाचं सांगायचं आहे. बरीच शैवाकं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. काहींना जुनी साल, सावली आणि ओल पिढ्यान्‌पिढ्या न मोडता मिळावी लागते. ब्रिटनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सिस रोज यांनी १९७६ मध्ये अशा जातींवरूनच जुनं, अखंड राहिलेलं वन ओळखण्याची पद्धत मांडली. तिकडची यादी इथे चालणार नाही. आपली यादी कोयना, चांदोली आणि गावोगावच्या देवराया हिंडूनच करावी लागेल.

काम अवघड नाही. छातीच्या उंचीवर जिथे झाडाचा घेर मोजतात, तिथेच जाळीची चौकट धरायची आणि किती प्रकार दिसतात ते लिहायचं. वनस्पतिशास्त्राची महाविद्यालयीन मुलं हे आनंदानं करतील. तोडीच्या पंचनाम्यात घेराशेजारी एवढा एक रकाना वाढवावा, ही वन खात्याला कळकळीची विनंती.

आणि गावकऱ्यांनाही एक मागणं आहे. सालीवरचे हे डाग म्हणजे झाडाला लागलेला रोग नव्हे. देवराईतल्या खोडांना गेरू-चुना फासू नका.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा