साठ विद्यार्थी, साठ तास, एक कॅमेरा

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी ध्वनिमुद्रक आहे. मालिकांच्या सेटवर बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, धरण्यापासून सुरुवात केली, आता स्वतंत्र कामं घेते. आठवड्यातले दोन दिवस एका विनाअनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर चित्रपट आणि दूरचित्रवाणी निर्मितीही शिकवते. मानधन कधी मिळतं हा विषय इथे काढत नाही, त्याला वेगळं पत्र लागेल.

आधी हिशेब. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सत्रभरात 30 तास. आमचा निर्मितीचा विषय दोन श्रेयांकांचा, म्हणजे 60 तास. वर्गात 60 मुलं आणि कॅमेरा एक. सुट्ट्या, युवा महोत्सव, वीज जाणं यातलं काहीच धरलं नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला अख्ख्या सत्रात कॅमेऱ्याचा एक तास येतो. तेवढ्यात लेन्स, फोकस, व्हाइट बॅलन्स आणि आवाजाची लेव्हल काय समजणार? बरीच मुलं कॅमेरा खांद्यावर घेऊन फोटो काढतात आणि स्टेटसला ठेवतात. मी त्यांना रागावत नाही. पुन्हा हाताला लागेल याची खात्री कुणी द्यायची?

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बॅच पाडतात. एका ब्युरेटभोवती साठ जण उभे केले तर पालक भांडायला येतील. आमच्याकडे ते खपून जातं, कारण हा विषय फळा-खडूच्या चौकटीत कोंबलेला आहे. त्यातही तो एकुलता कॅमेरा असतो प्राचार्यांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे महाविद्यालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, त्याची नोंद आहे, त्यामुळे आवाराबाहेर न्यायचा तर अर्ज हवा, विभागप्रमुखांची सही हवी आणि 'काही झालं तर भरपाई कोण देणार?' याचं लेखी उत्तरही हवं. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं, तर बॅटरी फुगलेली. न वापरल्यामुळे खराब झालेल्या वस्तूची भरपाई कुणाकडून घ्यायची, हे मात्र रजिस्टर सांगत नाही.

आणि परीक्षा? लेखी. मायक्रोफोनची आकृती काढून भागांना नावे द्या. ज्याची आकृती सुबक, त्याला पैकीच्या पैकी. त्याच वर्गातल्या एका मुलीने जोतिबाच्या चैत्र यात्रेवर मोबाइलवर छोटी फिल्म केली. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून दुसरा मोबाइल रुमालात गुंडाळून हलगीवाल्याजवळ ठेवला, आवाज वेगळा घेतला आणि सुरुवातीला वाजवलेल्या टाळीवरून संकलनात चित्राला जुळवला. सिंक साउंड म्हणतात तो हाच, आणि तो तिने स्वतः शोधला. तिच्या गुणपत्रिकेत या फिल्मला कुठे जागाच नव्हती.

शिकवणाऱ्यांचंही तसंच. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट काढली. पंधरा वर्षांचा अनुभव असलेला संकलक किंवा छायालेखक पदवीच्या अटीशिवाय शिकवू शकतो, मर्यादा मंजूर पदांच्या दहा टक्के. वाचून बरं वाटलं होतं. पण आमच्यासारख्या विनाअनुदानित अभ्यासक्रमाला शासनमंजूर पदं शून्य, आणि शून्याचे दहा टक्के काढायला गणिताचा प्राध्यापक लागत नाही.

हे मी कोल्हापुरातून लिहिते आहे, साहेब. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी इथे कॅमेरा स्वतः जुळवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी पडेल ते काम करत धंदा शिकून घेतला आणि 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली. प्रभात 1933 मध्ये पुण्याला गेली. तिच्याच आवारात 1960 मध्ये केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे जागा मोजक्या आणि अर्ज देशभरातून. राधानगरी, गगनबावड्याच्या मुलांनी त्या भरवशावर राहायचं का?

आता मागणी. मोरेवाडीला राज्य सरकारची कोल्हापूर चित्रनगरी आहे, शिवाजी विद्यापीठापासून रिक्षाने जाता येईल इतकी जवळ. तिथे चित्रीकरणं होतात. चित्रनगरी सांस्कृतिक कार्य विभागाकडे आणि महाविद्यालयं तुमच्याकडे, म्हणून मुलं फाटकाच्या बाहेर. दोन्ही विभागांचा एकत्रित शासन निर्णय काढा. चित्रनगरीत सामायिक साहित्य केंद्र सुरू करा: दहा कॅमेरे, दिवे, रेकॉर्डर, संकलनाची चार-पाच यंत्रं, आणि साहित्य देण्या-घेण्यासाठी एक तंत्रज्ञ. सगळ्याचा विमा उतरवा, म्हणजे भरपाईचा प्रश्न मिटेल. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी पाळीपाळीने, वीस-वीसच्या बॅचने तिथे प्रात्यक्षिकं घ्यावीत. प्रत्येक महाविद्यालयाने एकेक कॅमेरा विकत घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा हे स्वस्तच पडेल. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतही हेच करता येईल, पण मुंबईच्या मुलांना सेट बघायला मिळतात तरी; सुरुवात इकडून करा.

विद्यापीठांनाही एवढं सांगा, की निर्मितीच्या विषयाची लेखी परीक्षा बंद करून मुलांनी केलेली फिल्म तपासा, आणि तपासायला बाहेरचा काम करणारा तंत्रज्ञ बोलवा. मी येईन, मानधन उशिरा मिळालं तरी.

वेळापत्रकं जूनमध्ये लागतात. आदेश त्याआधी निघाला, तर याच वर्षीची बॅच मोरेवाडीला नेता येईल.

कळावे,
एक ध्वनिमुद्रक व तासिका तत्त्वावरील व्याख्याती,
कोल्हापूर