शंभर यार्डांच्या आत

ता. कागल
३ ऑगस्ट

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन आपटलास, तेव्हापासून घरात मीही कुणाशी धड बोललेली नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले. स्कूटीच्या चाकातली हवा कुणीतरी सोडली, हे तू माझ्यापासून लपवलंस. दादाच्या तोंडून निघून गेलं, त्याच्यावर राग काढू नकोस. माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेतून खोलीवर येताना त्या जंगलातल्या रस्त्यानं एकटी येत जाऊ नकोस. सांगून झालं. आता या पत्रात परत तो विषय काढणार नाही.

सहावी-सातवीच्या पोरांना घेऊन तू शाळेच्या कुंपणापासून टेपनं मोजलंस, तंबाखू विकायला बंदी आहे ते शंभर यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर, आणि रस्त्यावर पिवळी रेघ मारलीस, हे ऐकून मला काय वाटलं ते फोनवर सांगता आलं नाही. वाडीतल्या चार बायांना सांगून आले. गणिताचा तास असाही घेता येतो! पानठेला रेघेच्या आत आला, आणि ठेलेवाला म्हणतो रस्त्यानं मोजलं तर मी बाहेर आहे. अगं, नियमात मोजायचं ते कुंपणाच्या कडेपासून चारी बाजूंनी सरळ, रस्त्याच्या वळणांनी नाही. तुझंच बरोबर आहे. पण बरोबर असणं वेगळं आणि रोज त्याच ठेल्यावरून जाणं वेगळं. "मॅडम, तुमी शिकवाचं काम करा, आमी आमचं करतो," असं तो हसत म्हणाला म्हणालीस. त्या हसण्याचीच मला धास्ती आहे.

शाळेजवळ विकल्याचा दंड किती, तर दोनशे रुपयांपर्यंत. तेवढा त्याचा एका संध्याकाळचा तंबाखू-सुपारीचा खर्रा. पण १८ वर्षांखालच्या पोराच्या हातात तंबाखू दिली, तर बाल न्याय कायद्याच्या ७७ कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. आम्हा आशा सेविकांना प्रशिक्षणात सांगितलं होतं. हे कलम तू त्याच्या तोंडावर म्हणून दाखवू नकोस. मुख्याध्यापकांना म्हणू दे, पोलीस पाटलांना म्हणू दे. तू शिक्षणसेवक आहेस, सोळा हजारांवर, तीन वर्षं पुरी व्हायची आहेत, आणि गावात तुझं म्हणावं असं माणूस नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळा व्यवस्थापन समितीकडून विषय मांडून घे. ठराव गावाचा झाला की तो एकट्या बाईचा राहत नाही.

आणि ती पेनासारखी वस्तू. सातवीतल्या पोराकडून घेतलीस आणि तुझ्या कपाटात ठेवलीस, असं म्हणालीस ना? आजच्या आज बाहेर काढ. २०१९ पासून ई-सिगारेट विकणंच काय, साठवून ठेवणंही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मुख्याध्यापकांकडे लेखी दे, त्यांची सही घे. पोराचं नाव चारचौघांत घेऊ नकोस. भावानं नागपूरहून आणलं, आंब्याचा वास येतो, धूर नाही नुसती वाफ आहे, तर पोराला ते खेळणंच वाटणार. त्यात निकोटिन असतं आणि सवय त्याचीच लागते, हे त्याला बाजूला बसवून सांग. मारू नकोस. तू मारणार नाहीस, मला माहीत आहे.

सडक्या तोंडाची चित्रं वर्गात लावू का, असं विचारलंस. मला नाही वाटत. पुडीचा ८५ टक्के भाग त्या चित्रांनीच भरलेला असतो, तरी आपल्याकडे तंबाखू-सुपारीचा मावा खाणारे कमी झालेत का? आणि तुमच्याकडचा खर्रा तर प्लॅस्टिकच्या कागदात घोटून मिळतो, त्यावर चित्र कुठलं! भीती पोरांना दोन दिवस पुरते. त्यापेक्षा तीन बोटं शिकव. बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं, घरी जाऊन सगळ्यांची बघायची.

सुभाषमामाची आता दोनही जेमतेम जातात. कॉलेजच्या कट्ट्यावर मावा सुरू झाला, तेव्हा तो आपल्या घरातला सगळ्यात जोरात हसणारा माणूस होता. सोडून वर्षं झाली, पण सुपारीनं गाल आतून ताठले ते ताठलेच. डॉक्टर म्हणाले, होतं तसं पूर्ण होणार नाही. तुझ्या लग्नात ठेचा-भाकरी करा म्हणतो, आणि स्वतः दूधभात खातो. गुरुवारी त्याला कोल्हापूरला तपासणीला न्यायचं आहे. गालात एक पांढरा डाग दिसतोय. तुला सांगणार नव्हते.

तुला आजीची मशेरीची डबी आठवते? पाचवीत असताना गुरुजींनी काहीतरी सांगितलं आणि तू डबी उकिरड्यात पुरलीस. आजीचं डोकं दुखून घर डोक्यावर. तुला धपाटाही तिनंच घातला आणि रात्री जवळ घेऊन निजलीही तीच. निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडून तिनं तुझ्या वडिलांना शिकवलं, पदराला तोच वास. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी तिथं हमरस्ता अडवला आणि गोळीबार झाला, त्या गोष्टी ती अशी सांगायची की जणू आत्ता घडतंय. मशेरी तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. पण तू समोर असलीस की परसात जाऊन लावायची. म्हणून म्हणते, तुझ्या पोरांच्या घरी आई-बाप खर्रा खात असतील, तेंदूपत्ता तोडून पोट भरत असतील, त्यांना वर्गात खाली बघायला लावू नकोस. त्यांचा राग आला तर ठेलेवाल्याच्या बाजूला जायला वेळ लागत नाही, आणि मग त्या रस्त्यानं तू एकटी...

बघ, आलेच परत तिथं. आणि मास्तरीण तू, धडे मी देतेय. माफ कर.

देशाच्या २०१९ च्या पाहणीत १३ ते १५ वयाची साडेआठ टक्के पोरं तंबाखू वापरताना आढळली. तुझ्या दोन वर्गांत त्या हिशेबानं तीन-चार निघावीत. तू म्हणतेस त्याहून जास्त आहेत. त्यांतलं एक जरी "नको" म्हणायला शिकलं तरी... पण ते "नको" त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घे. एकानं पुडी पुढे करायची, दुसऱ्यानं नाकारायची, नाटकासारखं. मित्रापुढे ऐनवेळी तोंडातून शब्द फुटत नाही.

दिवाळीचं महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट दादा काढतोय, तारीख कळव. चकल्या पाठवल्या आहेत, घरमालकिणीलाही दे, तिच्याशी गोडीनं राहा. तिचा मुलगा संध्याकाळी मोटरसायकलनं त्याच रस्त्यानं येतो, असं तूच सांगितलं होतंस. त्याच्या वेळेवर निघालीस तर काय बिघडतं? आणि ठेल्यासमोर थांबून वाद घालू नकोस. रेघ मारलीस, आता ग्रामसभेपर्यंत दम धर.

तुझी,
आई

ता. क. तंबाखू सोडायची असेल त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा फुकट नंबर आहे. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव, पोरं घरी नेतील. आणि ती वस्तू मुख्याध्यापकांकडे दिलीस की सहीच्या कागदाचा फोटो मला पाठव.