टॅबलेटला न दिसणारं वायफाय: ए विंगच्या काकांना उघड पत्र

ती. काका,
सा. न. वि. वि.

पत्र उघड लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विषय काढता. शिवाय आपल्या सोसायटीत कितीतरी घरांतली मुलं परदेशात आहेत आणि सुट्टीवर येताना ती आईबाबांसाठी टॅबलेट घेऊन येतात. तुम्ही आमच्याकडे जे शोधून काढलंत ते त्यांच्यापैकी कुणाच्याही कामी येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा निवृत्त झाल्यापासून मोडी शिकवतात, हे तुम्हाला माहीत आहे. शिष्य मोजकेच, पण गावोगावचे. बडोद्याच्या एक बाई आहेत, इंदूरचे एक वकील आहेत. कुणाच्या घरात ट्रंकेच्या तळाशी जुने कागद निघालेत, कुणाला नुसतीच हौस. मोडीत हात न उचलता ओळ लिहीत जायची पद्धत, त्यामुळे एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे डोळ्यांना शिकवावं लागतं. बाबा व्हिडिओ कॉलवर पान बोटांनी मोठं करतात, पेनाने शब्दाशब्दात उभी रेघ मारतात आणि मग वाचून दाखवतात. हे फोनच्या पडद्यावर होत नाही. म्हणून माझ्या भावाने न्यू जर्सीहून आणलेला साधासा टॅबलेट हीच बाबांची शाळा, आणि अशी खुणा केलेली सगळी पानं त्याच टॅबलेटच्या पोटात.

त्या टॅबलेटचं वायफाय जायचं. कधी दोन-तीन दिवस सगळं सुरळीत, कधी शिकवणी सुरू व्हायच्या आधीच गायब. माझा फोन त्याच टेबलावर, त्याच वायफायवर मस्त चालू. त्यामुळे ज्याला सांगावं त्याचं उत्तर ठरलेलं, "आमच्याकडे तर चालतंय." कनेक्शनवाल्या कंपनीचा मुलगा आला, स्वतःच्या फोनवर स्पीड मोजून दाखवला आणि सही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, टॅबलेट जुना झालाय, फॅक्टरी रीसेट मारून बघू, नाहीतर नवा घ्या. घरच्यांचा उपाय एकच, राउटर बंद करून चालू करायचा. गंमत म्हणजे त्याने कधीकधी जमायचं! त्यामुळे तोच उपाय पक्का होऊन बसला. बाबांना मात्र हळूहळू वाटायला लागलं होतं की आपलंच काहीतरी चुकतंय, वय झालं. शिकवणी बंद करायची भाषा सुरू झाली होती.

तुम्ही आलात ते सोसायटीच्या वर्गणीची पावती द्यायला. बाबांनी सहज विषय काढला. तुम्ही टॅबलेट हातातसुद्धा घेतला नाहीत, आधी खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, "जातं म्हणजे नेमकं काय होतं? यादीत आपलं नावच दिसत नाही, का नाव दिसतं पण जोडलं जात नाही, का जोडलेलं दिसतं आणि तरी चालत नाही?"

तोवर आम्हाला हे कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या लेखी तिन्हींचं नाव एकच, "वायफाय गेलं". तुम्ही समजावलंत की ही तीन वेगळी दुखणी आहेत. नावच दिसत नसेल तर टॅबलेटला राउटर ऐकूच येत नाहीये, म्हणजे अंतर, भिंत, पट्टा (वायफायच्या लहरींना दिलेली जागा) किंवा चॅनेल (त्या पट्ट्यातला एक कप्पा). नाव दिसून आत घेत नसेल तर पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार, पत्ता देण्याघेण्यातला घोळ. जोडलं जाऊन चालत नसेल तर अडचण बहुधा पुढे, कंपनीच्या लाइनवर, किंवा मग हवेतल्या गोंगाटात. तुम्ही टेलिफोन खात्यातले. २००० साली खात्याची कंपनी झाली त्याच्याही आधीपासूनचे. १९८ वर तक्रार आली की एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवरून आधी ठरवायचं, बिघाड आपल्या बाजूला की ग्राहकाच्या, मगच लाइनमन सायकल काढणार, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा बाबा खुशीत आले. कागद खरा की खोटा ठरवताना तेही असंच बाजू पाडत जातात.

मग तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात. रीसेट करायचं नाही. रीसेटने पानं पुसली जातील आणि बिघाड टॅबलेटमध्ये आहे हे अजून ठरलेलंच नाही. आणि एक वही घाला. वायफाय गेलं की तारीख, वेळ, यादीत नाव दिसतं का, राउटरचे दिवे कसे आहेत, आणि घरात त्या वेळी काय चालू होतं, एवढंच लिहायचं. "पावसाळ्यातला फॉल्ट उन्हात शोधून सापडत नाही," हे तुमचं वाक्य आईने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. भूमिगत केबलच्या जोडात पाणी शिरलं की फोन खरखरायचा आणि माणूस पोचेपर्यंत ऊन पडून जोड सुकलेला असायचा, हा अनुभव त्यामागे होता हे नंतर कळलं.

वही आईनेच भरली. ती वही तुम्ही चहा गार होईपर्यंत वाचत बसला होतात. त्यात दोन निरनिराळे बिघाड गुंतलेले होते, हे तुम्हाला पहिल्याच पानावर दिसलं. एकात नाव यादीतून साफ गायब, आणि तसं झालं की ते तासन्‌तास गायब. अशा नोंदी बऱ्याचशा गुरुवारच्या. दुसऱ्यात नाव जागेवर, जोडलेलं, पण चित्र थिजतं, आवाज तुटतो, आणि दोन-चार मिनिटांत आपोआप ठीक. या नोंदी संध्याकाळी साडेसातच्या आसपासच्या. दोन्ही एकाच खात्यात घातल्यामुळे आम्हाला काही उमगत नव्हतं.

गुरुवार म्हटल्यावर पुण्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दुरुस्तीसाठी लाईट जाते. लाईट आली की राउटर नव्याने सुरू होतो. तुम्ही लगेच विचारलंत, "टॅबलेट कुठला?" मी कंपनीचं नाव सांगितलं. "तसं नाही, घेतला कुठून?"

न्यू जर्सी म्हटल्यावर तुम्ही नुसतं "हं" केलंत आणि सांगून गेलात की पुढच्या वेळी नाव गायब झालं की राउटरला हात लावू नका, मला हाक मारा.

पुढचा गुरुवार आला, लाईट गेली, आली, आणि नाव गायब. तुम्ही जिना चढून आलात, फोनवर ते वायफायचे डोंगर दाखवणारं ॲप उघडलंत आणि आम्हा तिघांना जवळ बोलावलंत. पडद्यावर शेजारपाजारच्या वायफायचे रंगीत उंचवटे एकमेकांवर चढलेले. १, ६ आणि ११ या आकड्यांवर तर नुसती झुंबड. आणि उजव्या कडेला, १३ या आकड्यावर, एकच डोंगर. आमचा.

ते जे तुम्ही समजावलंत ते मला समजलं तसं लिहिते, चुकलं तर पुढच्या भेटीत कान धरा. आपल्या टॅबलेटला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून विनापरवाना वापरता येतो आणि त्यात वायफायची १३ चॅनेल बसतात. पहिलं २४१२ वर, मग दर ५ मेगाहर्ट्झला एक, तेरावं २४७२ वर. पण एकेक चॅनेल साधारण २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतं, म्हणून शेजारचे आकडे एकमेकांवर चढतात आणि १, ६, ११ ही तीन एकमेकांना न भिडता चालतात. अमेरिकेत घरगुती वायफाय १ ते ११ वरच चालवायची रीत आहे, आणि तिथल्या बाजारासाठी बनवलेली बरीच उपकरणं १२ आणि १३ कडे बघतच नाहीत. सगळीच तशी नसतात, काही जण राउटर कुठल्या देशातला हे ऐकून स्वतःला जुळवून घेतात. आमच्या टॅबलेटला ते येत नव्हतं. कपाटाला तेरा कप्पे आणि याचा हात अकराव्यापर्यंतच पोचतो, तशी गत.

राउटर होता 'ऑटो'वर. सुरू होताना तो आजूबाजूला ऐकतो आणि जिथे गर्दी कमी तिथे जाऊन बसतो. दुपारी लाईट आल्यावर सगळ्या सोसायटीचे राउटर एकदम जागे होणार, आणि आमचा शहाणा कधीकधी मोकळी जागा बघून १३ वर जाणार. माझा फोन इथलाच, त्याला १३ दिसायचं, म्हणून फोनवर सगळं आलबेल. आणि 'बंद करून चालू करा' हा उपाय कधी का लागू पडायचा तेही तेव्हा कळलं. बंद-चालू केलं की राउटर पुन्हा जागा शोधायचा, कधी ६ वर बसायचा, कधी परत १३ वर. उपाय आणि आजार, दोन्हींचं मूळ एकच.

मला खरं कौतुक वाटलं ते त्याच्या पुढचं. एवढं कळल्यावर दुसऱ्या कुणी चॅनेल बदलून हात झटकले असते. तुम्ही राउटरच्या पानावर, १९२.१६८.१.१ वर गेलात, काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढलात, आणि चॅनेल ११ केलंत. टॅबलेटवर नाव आलं. बाबांचे हात टाळीसाठी वर गेले, तोवर तुम्ही ते पुन्हा १३ केलंत. नाव गेलं. परत ११. आलं. "फॉल्ट हवा तेव्हा आणता आला आणि हवा तेव्हा घालवता आला, की मग सापडला म्हणायचं." त्याआधी स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट २.४ वर ठेवून टॅबलेट त्यावर चालवूनही बघितला होतात, म्हणजे टॅबलेटवर उगाच आळ नको. बाबांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं ते त्या हॉटस्पॉटच्या वेळी. टॅबलेट चांगला आहे आणि तो वापरणाराही, हे त्यांना कुणीतरी समोर दाखवून दिलं होतं.

१३ मोकळं असताना ११ च्या गर्दीत का बसायचं, असं मी विचारलंही. तुम्ही म्हणालात, गर्दीत थोडं हळू चालेल, पण चालेल. चॅनेलची रुंदीही ४० वरून २० केलीत, कारण या अरुंद पट्ट्यात ४० घेतलं की आपणच शेजाऱ्यांच्या अंगावर जाऊन पडतो. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून भांडणाऱ्यांनी हे वाक्य ऐकायला हवं होतं.

साडेसातचं कोडं तुम्ही मिनिटात सोडवलंत. त्या वेळी आई मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम करते, मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, आणि बाबांचं टेबल त्याच भिंतीला. शिवाय राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, आणि मध्ये लोखंडी कपाट आणि फ्रीज. आता राउटर दाराच्या वरच्या फळीवर उघड्यावर आहे, टेबल खिडकीकडे सरकवलंय आणि शिकवणी चालू असताना जेवण गॅसवर गरम होतं. आई म्हणते, चवीला तेच बरं.

ज्यांच्याकडे असा परदेशातून आलेला टॅबलेट आहे त्यांनी एवढंच बघावं: फोनवर वायफायचं नाव दिसतंय आणि टॅबलेटच्या यादीत ते नावच नाही, असं होत असेल तर राउटरच्या पानावर २.४ च्या खाली कुठलं चॅनेल आहे ते वाचा. १२ किंवा १३ असेल तर ऑटो काढून १, ६, ११ पैकी एक घाला. त्यासाठी टॅबलेट पुसायची किंवा नवा घ्यायची गरज नाही. नाव ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचंच असेल तर मात्र गोष्ट वेगळी, काही साध्या टॅबलेटना तो पट्टा कळतच नाही. त्यासाठी टॅबलेट पुसायची किंवा नवा घ्यायची गरज नाही.

तुम्ही पैसे घेणार नाही हे माहीत आहे. पण जाता जाता तुम्ही म्हणाला होतात की तुमच्या आजोबांच्या जमिनीचे मोडीतले काही कागद गावाकडच्या घरात आहेत आणि घरात कुणालाच ते वाचता येत नाहीत. बाबा त्यांची वाट बघतायत. कागद पाठवू नका, घेऊन या आणि बसा. घड्या उलगडू नका, तशाच आणा, ते काम बाबांना स्वतःच करायचंय. जेवायलाच या.

आपली,
बी विंगमधल्या मोडीवाल्या मास्तरांची थोरली

ता. क. राउटरने मध्यंतरी स्वतःच अपडेट घेतला आणि चॅनेल पुन्हा ऑटोवर गेलं होतं. तुम्ही काढलेले फोटो समोर धरून आईने ते ११ केलं, मला ऑफिसातून बोलवावं लागलं नाही. वहीत तशी नोंद आहे.